मंगलीच्या मानेवरचा वण

अहेरी, ९ नोव्हेंबर २०२५

चि. पवन यास,

११ जून, बुधवार, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं. तुझ्या चंद्रपूरच्या दवाखान्यातलं घड्याळ माझ्या समोरच होतं, म्हणून वेळेबद्दल वाद नको. आशीर्वाद नंतर. माझे गुडघे आहेत तसेच. मंगली मात्र ठीक नाही.

ती परवा भामरागडकडून आली. मोहफुलं वेचताना अस्वलाने फाडलेल्या तिच्या मानेवरचा जाड वण तू कापून काढलास. तो परत आलाय, आधीपेक्षा रुंद, थेट खांद्यापर्यंत. मान वळत नाही. डोक्यावर भारा घेता येत नाही.

संयोजी ऊती तुला नववीत मीच शिकवल्या. जखम झाली की वाढीची प्रथिनं तिथल्या पेशींना तंतू विणायला लावतात. त्यातली कित्येक ऊतीच्या जाळ्यातच निजवून, बांधून ठेवलेली असतात. जखमेने, ताणाने मोकळी होतात. काम झालं की शरीर त्यांना आवरतं. मंगलीच्या वणात ते आवरणंच लंगडं. तिथे नुसती सुरी लावणं म्हणजे नवी जखम, पुन्हा तोच हुकूम. म्हणून कापल्यावर पुढे दर महिन्याला वण दबवणारं इंजेक्शन द्यावं लागतं.

हे तुला माहीत होतं. तू बोललासही. त्याच अकरा वीसला, शस्त्रक्रियेआधी दारात उभं राहून, फाडफाड इंग्रजीत, मला! जिची मान, तिचा संमतीच्या कागदावर फक्त अंगठा घेतलास.

इथवर दोष तुझा. पुढचं लिहायला धीर होत नव्हता.

मंगलीने मला विचारलं, "बाई, डाक्टर का म्हनते?"

मी म्हटलं, "बरी होशील म्हणतो."

पावसाळ्यात तिचा रस्ता तुटतो. दर महिन्याला चंद्रपूर जमणार नाही, हे ऐकून ती उठून गेली असती. आणि मला माझ्या भाच्याचा सफाईदार हात चारचौघांत मिरवायचा होता.

काल तिला सगळं सांगितलं.

"तुमाले तं समजलं होतं ना? मंग काऊन नाई सांगतलं?" तिने विचारलं. मग ती म्हणाली, "अस्वल तं वरडून आलं होतं, बाई."

इंजेक्शनं किती, कधीपासून, अहेरीत कोण देईल, आणि वण त्यानंतरही वाढला तर काय, हे सगळं साध्या मराठीत, लेखी, तुझ्या सहीने हवं. पाकिटावर नाव मंगलीचं घाल. वाचून तिची सून रंजीता दाखवेल. माझ्यावर मंगलीचा भरवसा उरलेला नाही, आणि तिचं बरोबर आहे.

२० नोव्हेंबर, संध्याकाळी पाचच्या आत. फोन करू नकोस.

तुझी आत्या,
रीता