भेगेतली पिन

१४ जानेवारी २००१, अंबड
तीळ भाजताना आठवलं. बहुधा ८४ साल. टेकडीमागच्या कड्यातली भेग किती खोल ते पाहायला यांनी माझ्या अंबाड्यातली पिन मागितली. आत गेली ती गेलीच. "काढून देतो," म्हणाले. मग भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खिळा ठोकला आणि दर रविवारी खिळ्यांमधलं अंतर मोजू लागले. पाटबंधाऱ्यातली नोकरी संपली, हे संपलं नाही. हे गेल्यापासून मी मोजते. आज १४.२ मिमी. महिनाभर तेवढंच.

२६ जाने.
झेंडावंदनाला निघणार, तोच टांगलेला दिवा झुलू लागला. वारा नाही. टीव्हीवर कळलं, गुजरातेत मोठा भूकंप. इतक्या लांबचा! कड्याला कळला असेल? किल्लारीच्या वेळी यांनाही हाच प्रश्न पडला होता. तेव्हा भेग किंचित वाढल्याचं वहीत आहे.
रिक्षाने गेले. दुपारचा एक. १४.२. जशीच्या तशी.
गयाबाईची खोली कड्याला टेकून, मागची भिंत म्हणजे कडाच. सून सुनीता, नात, सगळ्या तिथेच झोपतात. "बिनघोर राहा," सांगून आले. तिने चहा पाजला. गारच होता.

२७ जाने.
केस विंचरताना लक्षात आलं. यांचा नियम: मोजायचं ते ऊन लागायच्या आत. उन्हात खडक फुगतो, भेग मिटत जाते. मग काल तापल्या खडकावर कमी भरायला हवं होतं, तरी १४.२, म्हणजे...
तशीच निघाले. कडा अजून सावलीत. तीनदा मोजलं. १४.६.
शाळेत सिस्टर शिकवायच्या, चूक एकाच रेघेने खोडा, खालचं वाचता आलं पाहिजे. कालच्या आकड्यावर एक रेघ.
गयाबाई चुलीपाशी. "काल म्हन्ल्या बिनघोर राहा, आज म्हंता चूल उचला. कोन्ती बाई खरी?"
"आजची. काल मी चुकले. दगड गारठ्यात आक्रसतो, तेव्हाच भेग खरी दिसते."
"दगडालाबी थंडी वाजती?"
"वाजते."
"मंग त्याला गोधडी द्या. मला कामून उठवता?"
दोघी हसलो. पण ती उठली नाही.

२९ जाने.
आज सुनीता सोबत आली. अंतर मोजायचा कॅलिपर तिच्या हातात दिला. तिनेच वाचलं, १४.६. सासूला म्हणाली, "आत्या, मी लेकीला इथं न्हाई झोपवत." संध्याकाळपर्यंत बिऱ्हाड दिराच्या शेतातल्या गुरांच्या कोठ्यात. गयाबाई माझ्याशी बोलली नाही. शेळ्या मात्र कड्याखालीच बांधल्या.

११ फेब्रु.
१४.७. थंडी ओसरली, मग भेग मिटायला हवी होती. भूकंप तिकडे, पंधरवडा उलटला, आणि हा खडक अजून... यांना विचारावंसं वाटलं. आकडा सुनीताने वाचला. मला रेघा दोन-दोन दिसतात.

१८ फेब्रु.
१४.७ च. थांबली, की दम खातेय?
उद्या जालन्याला मोतीबिंदूचं ऑपरेशन. तेवढ्यासाठी कोणी असं लिहून ठेवतं का, म्हणून मुलगा हसेल. हसू दे.
कॅलिपर आणि यांची वही सुनीताला. दर रविवारी, ऊन लागायच्या आत. खोडलेला आकडा तिने जरूर पाहावा.
थर्मास गयाबाईला. रुसली असली तरी.
ही रोजनिशी मुलाला, पुण्याला.
पिन माझी. राहू दे आत. पण कधी कड्याच्या पायथ्याशी पडलेली सापडली, तर शेळ्यासुद्धा तिथून सोडवा.