नकाशा कुणी बंद पाडला

प्रिय नकाशेवाल्या,

सकाळपासून चौथ्यांदा बसतेय लिहायला. दोनदा चहा ठेवला, दोन्ही वेळा उतू गेला. शेवटी आईने मला गॅसजवळून हाकललं. परवा तुझी बहीण भेटली. म्हणाली, तू हल्ली मेव्हण्याच्या छापखान्यात बसतोस आणि कुणी कॉम्प्युटरचं नाव काढलं की उठून जातोस. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

आपल्या रुग्णवाहिका केंद्रातली ती दुपार तुला मी काय सांगायची! तुझा नकाशा सगळ्या पडद्यांवरून एकदम गेला, चालक गल्लोगल्ली रस्ता विचारत फिरला, आणि त्या म्हाताऱ्या मास्तरांना दवाखाना गाठायला पाऊण तास लागला. ते वाचले, पण वाचा गेली. ज्याचा प्रोग्रॅम पडला त्याचीच चूक, असं म्हणून साहेबांनी तुला काढलं. तू अवाक्षर काढलं नाहीस, कारण चूक कुठे होती ते तुलाही सापडलं नव्हतं.

मला सापडलं होतं. तिसऱ्याच दिवशी, मशीनच्या नोंदी वाचताना. तूच शिकवलं होतंस ना मला, की ऑपरेटिंग सिस्टम प्रत्येक प्रोग्रॅमला मेमरीतली जागा वाटून देते, काम संपलं की परत घेते, आणि जागाच उरली नाही तर एखाद्याला बंद करून बाकीच्यांना जगवते; बहुतेकदा ज्याने सर्वांत जास्त जागा अडवलीय त्याला. फोन नोंदवणारा प्रोग्रॅम माझा. दर फोनला त्याची एक छोटी प्रत उघडायची, आणि फोन ठेवल्यावर ती बंद करायची सूचना लिहायला मी विसरले होते. शेकडो प्रती नुसत्या जागा अडवून बसल्या. एकेक एवढीशी, म्हणून कुणाच्या डोळ्यांवर आली नाही. तुझ्या नकाशात अख्खं शहर होतं. जागा संपली तेव्हा सिस्टमला तोच मोठा दिसला, आणि तिने तोच बंद केला.

मी चूक गुपचूप दुरुस्त केली आणि तोंड शिवून घेतलं. बढती तोंडावर होती. मिळालीही. तू टेबल आवरत होतास तेव्हा तुझा डबा पिशवीत भरून दिला तो मीच.

काल त्या नोंदी छापून साहेबांसमोर ठेवल्या. ते म्हणाले, "दोन वर्षांनी कशाला उकरून काढतेस?"

मी म्हटलं, "चौकशीच्या कागदावर अजून त्याचंच नाव आहे."

मला घरी बसवलंय. मास्तरांकडे आज जाऊन येणार आहे. त्यांना बोलता येत नसलं तरी ऐकू येतं. चौकशी पुन्हा होणार, सोमवारपर्यंत तुला बोलावणं येईल. केंद्राचा शिक्का बघून तू ते पाकीट न उघडताच फाडशील, या धास्तीने हे आधी पाठवतेय. फाडू नकोस. जा, आणि या वेळी गप्प बसू नकोस.

तुझीच,
शेजारच्या टेबलावरची