दोन्ही बाह्या एकाच हाताच्या

बाबा, तुमच्या नातीच्या आलेखाच्या वहीतलं पान फाडून हे लिहितेय. तुम्ही गेलात तेव्हा ती जन्मलीही नव्हती. आता आठवीत आहे, आणि महिनाभर तिचा एकच उद्योग चाललाय. चौकटींच्या कागदावर त्रिकोण काढायचा, तो चार घरं सरकवायचा, मधल्या बिंदूभोवती फिरवायचा, नाहीतर उभ्या अक्षाच्या पलीकडे त्याचं आरशातलं रूप काढायचं. काल ओट्याशी मी मेथी निवडत होते, ती खाली वही पसरून बसली होती. आरशातलं रूप काही जमेना, म्हणून मी शहाणपणा केला. लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा त्रिकोण तुमच्या कातरीनं कापून दिला आणि म्हटलं, "हा घे, सरकव पलीकडं. त्यात काय एवढं!" तिनं सरकवला, फिरवला, पुन्हा फिरवला. बसेना. मग म्हणाली, "आई, कितीपण फिरव गं, हा त्याच हाताचा राहतो. उचलून पालथा घातल्याशिवाय आरशातला होतच नाय." तिनं पालथा घातला आणि तो बरोबर बसला.

मला तुमचं दहिवलीचं शिवणाचं दुकान आठवलं. लग्नसराई आहे, तुम्ही दिवसाला दहा-दहा ब्लाउज कापताय. बाह्या तुम्ही नेहमी कापड दुमडून जोडीनं कापायचात, म्हणजे डावी-उजवी आपोआप निघते. पण एका नवरीच्या ब्लाउजपीसला कापड कमी होतं, दुमडायला जागा नव्हती. जरीचं कापड, उलट्या बाजूला धागे लोंबत होते, म्हणजे उलटून वापरायची सोय नाही. तुम्ही एक बाही सुटी कापली आणि माझ्याच शाळेसाठी दाखला आणायला खालापूरच्या कचेरीत गेलात. जाताना बजावलंत, "कातरीला हात लावायचा नाय हां, सांगून ठेवतो." मी ऐकते थोडीच! बाबा आले की खूश होतील, एवढंच डोक्यात. पुठ्ठ्याचा फर्मा उचललाही नाही, तसाच बाजूला सरकवला, कडेनं खडू फिरवला, दुसरी बाही कापली, सगळं नीट घडी करून गठडी बांधली. तुम्ही संध्याकाळी दमून आलात. बांधलेली गठडी बघितलीत आणि दुसरी बाहीही आपणच कापून ठेवलीय असं समजलात. मी सांगणार होते. पण दाखला मिळाला नाही म्हणून तुमचा पारा चढला होता, तेव्हा मी गठडी फळीवर सरकवली.

दुसऱ्या दिवशी शिवायला घेतलं आणि तुम्ही दोन्ही बाह्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून बघतच राहिलात. मुंढ्याचा, म्हणजे खांद्याला जोडायच्या कडेचा, खोल भाग दोन्हींना एकाच अंगाला. "दोनी डाव्या? आरं, माजं ध्यान हाय कुठं!" नवरीची आई दुकानात उभी राहून ओरडत होती, "अवो, लगीन परवा हाय! पोरीचा एक हात काय मागं बांधू?" तुम्ही हात जोडून उभे. वीस वर्षं गावातल्या नवऱ्या ज्यांच्याकडं डोळे झाकून कापड टाकायच्या, ते माझे बाबा. मी मशीनमागं उभी होते बाबा, चार हातांवर. बोलले नाही.

त्यानंतर तुम्ही नवरीचं कापड घेतलंच नाही. आई म्हणायची, "एक चूक झाली तं काय मोठं?" तुम्ही म्हणायचात, "माजा हातच मला फसवतोय गं, भरवसा नाय आता." आधी फॉल-पिको, मग नुसती उसवाउसवी, मग दुकानाला कुलूप आणि कुंभिवलीच्या कंपनीत गेटवर काठी घेऊन उभं राहणं. तुमची पितळी मुठीची कातर मला देताना म्हणालात, "तुजा हात तरी सरळ राहू दे." मी घेतली! निर्लज्जासारखी घेतली. कारण मी स्वतःला पटवलं होतं की चूक माझी नाहीच. माझी बाही फर्म्यावर ठेवून पाहिली होती मी, सूतभरही फरक नव्हता. म्हणजे चुकली असेल ती तुमचीच. या एका समजुतीवर मी इतकी वर्षं गिळते-झोपते आहे. अहो, बरोबर बसली म्हणूनच ती चूक होती. दुसरी बाही पालथी घातल्याशिवाय फर्म्यावर बसायलाच नको होती. आठवीतल्या पोरीला दहा मिनिटांत कळलं ते मला कळू नये? की कळून घ्यायचं नव्हतं?

तुमचा हात शेवटपर्यंत सरळ होता, बाबा. हे तुम्हाला कुणी सांगायचं आता? माफी मागायची तर समोर माणूस लागतं. हे पान वहीतही ठेवता येणार नाही, तिच्या हाती लागेल.

काल पुठ्ठा पालथा घातल्यावर ती कातरीकडं बघून सहज म्हणाली, "आजोबांनी शिवण का गं सोडली?" सांगायला याहून सोपी वेळ कधी मिळणार होती? मी मेथी निवडत म्हटलं, "डोळे गेले होते त्यांचे. चुका व्हायच्या."