कणी कुंपणापाशी

आई,

१. सिल्वासाच्या सरकारी शेतीवर बियाण्याची नागली, म्हणजे आपली नाचणी, पिकत आली.
२. शेजारच्या रानातून मुनिया पाखरं उतरून कणसं रिकामी करू लागली.
३. साहेबांनी बंदूकवाला बोलवायचं ठरवलं. मी आठवडाभर थांबायला सांगितलं.
४. बंदूकवाला आला नाही.

शेतकी कॉलेज पास होऊन मी इथे आले ती हंगामी नेमणुकीवर. "बेन, पाखरांना नोटीस काढणार काय?" साहेब हसले. मग हसू आवरून म्हणाले, "नाही जमलं तर पुढच्या हंगामाला या जागेवर दुसरा माणूस." मी बरं म्हटलं. भीती वाटली, ती दाखवली नाही.

मला तुझं अंगण आठवत होतं. तांदूळ ऊन दाखवायला पसरला आहे, मी काठी घेऊन पाखरांमागे धावते आहे आणि तू स्वयंपाकघरातून ओरडतेस, "अगो, नाचतेस काय? कणी घे नि कुंपणापाशी टाक!" चांगला तांदूळ तू अंगणाच्या मधोमध पसरायचीस, झुडपांपासून लांब. पाखरं कणी टिपायची, मान वर करून आभाळ बघायची, पुन्हा टिपायची. शिक्रा दिसला की सगळी कुंपणात. उघड्यावरच्या तांदळापेक्षा आडोशाजवळची कणी त्यांना परवडायची. पाखरू लोभी असतं, पण जिवावर उदार होत नाही. कॉलेजात हे फार उशिरा आलं.

रान आणि नागली यांच्यामधलं गवत मी कापून घेतलं आणि झुडपांच्या कडेला कणी टाकली. पहिल्या दिवशी ती अगदी बुंध्याशी पडली. तिथे मांजर दबा धरून बसलं आणि पाखरं उठली ती थेट नागलीत. साहेबांनी पाहिलं आणि ते पाठ फिरवून ऑफिसकडे गेले. ते जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी कणी पुढे सरकवली, इतकीच की मांजराची उडी पोचू नये आणि शिक्रा आला तर पाखरू झुडपात पोचावं. तिथे पाखरं रमली. मोकळा पट्टा ओलांडून फार थोडी गेली. बियाणं वाचलं.

काल साहेब म्हणाले, "सोमवारी खडोलीला शेतकऱ्यांसमोर तुम्हीच बोला, बेन." नेमणूकही राहिली. मला अभिमान वाटतो, माझा आणि तुझा. इथलं झुडपांपासून कणीपर्यंतचं अंतर मी टेपने मोजलं आहे. खडोलीची झुडपं विरळ आहेत. तू काय बघून अंतर धरायचीस, ते तू होतीस तोवर मी कधी विचारलं नाही.

हे पत्र टपालात पडणार नाही. केवळ कामापुरतं लिहिते आहे, असं वर लिहिणार होते. ते खरं नाही.

रविवारपर्यंत कळव.