जर्मनांची बाजू

३ मार्च १९८२
प्र. ३ पुन्हा वाचलं. पुस्तकातलं सगळ्यात जमलेलं प्रकरण हेच. आधुनिक माणूस मोजता येईल तेवढंच खरं मानतो, मग नदी त्याला नुसता पाणीसाठा दिसते आणि शेवटी माणूसही... हा सगळा विचार सरांचा. बी.ए.ला त्यांच्या वर्गात ऐकला, तेव्हापासून डोक्यात घर करून आहे. म्हणून प्रकरणाचं नाव 'आपल्या मातीतली टीका'. प्रकाशक त्यावरच खूश. पुस्तक सरांना अर्पण. उद्या हस्तलिखित घेऊन गारखेड्याला त्यांच्याकडे. तोंडी परीक्षा असल्यासारखं वाटतंय.

४ मार्च
सरांचे मोतीबिंदू पिकलेत, वाचता येत नाही. मी वाचत होते, ते डोळे मिटून ऐकत होते. मधेच हसायला लागले.
"अगं, हे माझं नाही. बिलकुल नाही. जर्मन तत्त्वज्ञांचं आहे."
मी गार. वर्गात सर विचार सांगायचे, कुणाचं नाव घ्यायचे नाहीत. म्हणून ते त्यांचेच, असं मी धरून चालले. आज कळलं, ती त्यांची रीत होती. "नाव ऐकलं की पोरं माना डोलावतात, डोकं चालवत नाहीत." सगळी नावं ते शेवटच्या तासांना सांगायचे. आणि मी त्या तासांना नव्हते, पाचोडला लग्न होतं माझं! परीक्षा टिपणांवर दिली. पुढं सगळे इंग्रजच वाचले, जर्मनांच्या वाटेला गेलेच नाही.
रिक्षात एकटीच हसले. घरी येऊन रडले.

७ मार्च
प्रकाशकांना भेटून खरं काय ते सांगितलं. म्हणाले, "मॅडम, जर्मनांचं नावच कशाला काढता? कुणाला कळणार आहे?" नाही काढलं तर पुस्तक पुढच्या महिन्यात बाहेर. काढलं तर 'आपल्या मातीतलं' म्हणून जे मिरवायचं, तेच गेलं. मी "विचार करते" म्हणाले. त्यावर विचार करावासा वाटला, याचीच चीड आली.
सासूबाई नळाला पाणी आलं की अजून हरखतात. जन्म आडावर गेला त्यांचा. आज विचारत होत्या, "सुधारणेला नावं ठेवायलीस म्हणं. ह्या नळाला बी ठेवलीस का गं?" सासूबाईंना व्हय म्हणायची हिंमत झाली नाही.

१२ मार्च
सरांना विचारलं, जर्मन तुम्हाला भेटले कुठं? हैदराबादला, उर्दूतून. त्यांचे उस्ताद जर्मनांचा उर्दूत तर्जुमा करून वर्गात वाचून दाखवायचे. पोलीस ॲक्शननंतर सर इकडं आले, तेव्हा ते उर्दूतलं शिक्षण कुणालाच नको होतं. मग सगळं पुन्हा मराठीत बसवलं, एकेक शब्द घडवत. आम्हाला बाकावर बसल्या बसल्या आयतं मिळालं. कधी साधं विचारलंही नाही, कुठून आणता म्हणून.
"लाजतेस कशाला? मी नाही लाजलो. ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव घे, मग खुशाल भांड त्याच्याशी."
किती हलकं वाटलं! सरांचे पाय धरावेसे वाटले, धरले. "ऊठ, ऊठ, हे काय लावलंस."
येताना प्रकाशकांकडं जाऊन सांगितलं, नावं येतील. चेहरा उतरला त्यांचा. छापणार की नाही, बोलले नाहीत.

२९ मार्च
नवं प्र. ३ सरांना वाचून दाखवलं. शीर्षक गेलं. जर्मनांची बाजू पूर्ण मांडली, जे जे घेतलं ते नावानिशी. हैदराबादचे उस्ताद आणि सरांनी घडवलेले मराठी शब्दही त्यात आले. सरांनी एकदाही टोकलं नाही.
"बढिया. हे त्यांचं झालं. हे माझं झालं." आणि मग, "तुझं कुठंय?"
चहा घेऊन निघाले.

३१ मार्च
प्रकाशकांकडून काही कळलेलं नाही. पुस्तक निघेल, न निघेल. सकाळपासून प्र. ४ म्हणून कागद घेऊन बसलेय. दोन वाक्यं लिहिली, खोडली. जर्मनांचीच निघाली.
तरी मन खट्टू नाही. सर वर्गात 'तुझं कुठंय' असं सगळ्यांना विचारत नसत. ज्याच्याकडं काही असेल असं वाटे, त्यालाच विचारत. मला त्या वर्षी एकदाही विचारलं नव्हतं.