हळदीकुंकवाच्या वहीवरून बंद झालेली वीज

प्रति,
मा. विभागीय अभियंता (ग्राहक सेवा),
उपनगरदीप वीज वितरण कंपनी,
विभागीय कार्यालय, बोरीवली (पूर्व).

दिनांक : २५ एप्रिल २०२५

विषय : 'श्रमसाफल्य' इमारतीचा दुपारचा वीजपुरवठा ताबडतोब पूर्ववत करणेबाबत, तसेच अर्जदाराने न केलेली सही अर्जदाराच्या माथी न मारणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. २४ मार्चचा अर्ज.
२) आपले दि. ४ एप्रिलचे एका ओळीचे उत्तर.
३) दि. ११ एप्रिल रोजी खिडकी क्र. ३ वर झालेले बोलणे. त्याची नोंद आपल्याकडे नसेल, अर्जदाराकडे आहे.

महोदय,

१. अर्जदार श्रीमती रत्नप्रभा सीताराम तोरस्कर, वय ६७, 'श्रमसाफल्य' इमारतीत पाचव्या मजल्यावर खोली क्र. ५०३ मध्ये राहते. विजेचा मीटर अर्जदाराच्या नावावर आहे. अर्जदाराने सव्वीस वर्षे शाळेच्या कार्यालयात लिपिक म्हणून आवक-जावक सांभाळली असल्याने अर्ज कसा लिहावा आणि कसा दाबून ठेवावा, या दोन्ही गोष्टी तिला ठाऊक आहेत. तरी हा अर्ज दाबू नये.

२. अर्जदारासोबत तिचे मोठे दीर श्री. दशरथ तोरस्कर, वय ७८, राहतात. एकतीस वर्षे गिरणीत कापसाची धूळ छातीत भरून घेतल्याने त्यांची फुप्फुसे निकामी होत आली आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीनुसार त्यांना चोवीस तास ऑक्सिजनच्या मशीनवर राहावे लागते. मशीन विजेवर चालते. एवढी एकच गोष्ट ध्यानात ठेवून पुढचा मजकूर वाचावा.

३. दि. १७ मार्चपासून आमच्या इमारतीची वीज रोज दुपारी दोन ते चार बंद असते. पहिल्या दिवशी बिघाड वाटला. दुसऱ्या दिवशीही बिघाडच वाटला. तिसऱ्या दिवशी जिन्याखाली आपल्या कंपनीचा हिरवा कागद चिकटवलेला दिसला : 'हरित दुपार योजना. हवामान बदलाशी लढण्यासाठी या इमारतीतील भगिनींनी स्वेच्छेने दोन तास वीज नाकारली आहे. त्यांचे अभिनंदन!' अभिनंदन वाचून अर्जदार पाच मजले जिना चढून वर गेली, कारण लिफ्टनेही वीज नाकारली होती.

४. भगिनींनी हे केव्हा केले, याचा शोध घेतला असता पुढील प्रकार उघडकीस आला. दि. १ फेब्रुवारी रोजी आमच्या आवारात स्थानिक समाजसेवक व भावी नगरसेवक श्री. नंदूभाऊ यांनी महिलांसाठी हळदीकुंकू ठेवले होते. निवडणुका कधी होणार हे कुणालाच माहीत नाही, पण भाऊ आठ वर्षे न थकता भावी आहेत. वाण म्हणून प्रत्येकीला झाकणाचा स्टीलचा डबा होता. डबा घ्यायचा तर वहीत नाव, खोली क्रमांक आणि सही. गेली कित्येक वर्षे आमच्याकडची प्रत्येक बाई हळदीकुंकवाला अशीच सही करते आणि वाण घेते. वहीच्या पहिल्या पानावर काय छापले आहे हे कुणी वाचत नाही, कारण मागे रांग असते आणि डबे संपतील अशी धास्ती असते. यावेळी पहिल्या पानावर आपली 'हरित दुपार' छापलेली होती. वही आपल्या एका साहेबांनी व्यासपीठावर हसतमुखाने स्वीकारली, तसा फोटो भाऊंच्या फलकावर आहे. तो फलक रस्त्यावरून नीट दिसावा म्हणून आवारातल्या बदामाच्या झाडाच्या फांद्या तोडल्या. फलकावर लिहिले आहे, 'झाडे लावा, वसुंधरा वाचवा'.

५. अर्जदाराला हवामान बदल मान्य नाही असा गैरसमज करून घेऊ नये. गावी आमसुले वाळत घातली की आता भर उन्हाळ्यात पाऊस येऊन ती कुजवतो. दिरांच्या वाट्याचे तीन माड समुद्राने नेले. बोरीवलीत नॅशनल पार्कच्या कडेला राहूनही एप्रिलमध्ये भिंतीला पाठ टेकवत नाही. हे सगळे अर्जदार अंगावर सोसते आहे, तिला ते कुणी स्टेजवरून समजावू नये. परंतु समोर सत्तावीस मजल्यांचा टॉवर उभा आहे. त्याच्या शेकडो एसींची गरम हवा सरळ आमच्या खिडक्यांत येते. त्यांची वीज एक मिनिटही जात नाही. का, असे आपल्या खिडकी क्र. ३ वर विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "त्यांच्याकडून सहमती आलेली नाही." बरोबर आहे. तिथल्या बायका स्टीलच्या डब्यासाठी खाली उतरत नाहीत. नंदूभाऊंचे कार्यालय आमच्याच तळमजल्यावर आहे, पण ते दुकानाच्या लाइनवर असल्याने योजनेत बसत नाही. तिथला एसी चालू असतो आणि बाहेरचा दिव्यांचा फलक भर दुपारच्या उन्हात 'हरित दुपार' अशी अक्षरे पेटवून दाखवतो. पृथ्वी वाचवायचा मक्ता फक्त डबेवाल्या बायकांनी घेतला आहे काय, याचा लेखी खुलासा व्हावा.

६. आता मूळ मुद्दा. अर्जदार अकरा वर्षांपूर्वी विधवा झाली. तिला हळदीकुंकवाचे बोलावणे नव्हते. अशी बोलावणी बंद झाल्याचा राग तिने कधीच गिळून टाकला होता. त्या दिवशी ती वरच्या गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती आणि खालचा लाउडस्पीकर ऐकत होती. तरीही आपल्या वहीत अनुक्रमांक २९ वर 'सौ. रत्नप्रभा तोरस्कर, ५०३' असे नाव आहे आणि पुढे इंग्रजीत, शेवटी मोठी गिरकी घेतलेली सही आहे. कुंकू लावायला जी बाई चालली नाही, तिची वीज तोडायला मात्र तिचे नाव चालले.

७. ती सही कुणी केली हे अर्जदाराला माहीत आहे. ज्या शेजारणीने केली, तिला अर्जदार एकटी वर राहिली याचे वाईट वाटले. काकूंना कुणी विचारले नाही, निदान त्यांचा डबा तरी नेऊ, म्हणून तिने दोन सह्या केल्या आणि संध्याकाळी डबा दारात आणून दिला. "घ्या हो काकू, जास्तीचा आला," एवढेच ती बोलली. अर्जदाराने तो घेतला. खरे सांगायचे तर आनंदाने घेतला आणि त्यात दिरांची औषधे ठेवली. आपल्या खिडकीवरच्या मॅडमनी "फोर्जरी आहे ना, मग पोलीस कम्प्लेंट करा," असा सल्ला दिला. तो अर्जदार पाळणार नाही. त्या शेजारणीचे नाव या अर्जात नाही, आपण दहा पत्रे पाठवलीत तरी कळवले जाणार नाही. तिच्या मनात काय होते हे अर्जदाराला कळते. वही घेऊन हसणाऱ्यांच्या मनात काय होते, ते चौकशीत शोधावे.

८. आपल्याच योजनेच्या नियम ९ मध्ये लिहिले आहे की एखाद्या घरात ऑक्सिजनच्या मशीनवर रुग्ण असल्यास, त्याच घरातील सहमती देणाऱ्या महिलेने अर्ज करताच ती संपूर्ण इमारत योजनेतून वगळण्यात येईल. त्यानुसार अर्जदाराने डॉक्टरांच्या चिठ्ठीसह संदर्भ क्र. १ चा अर्ज केला. त्यावर आपले उत्तर आले : 'अर्जावरील सही सहमतीपत्रकावरील सहीशी जुळत नाही. सबब अर्ज निकाली.' अर्जदाराने स्वतः येऊन सांगितले की वहीतली सही तिची नाही. त्यावर खिडकी क्र. ३ वर पुढीलप्रमाणे सांगण्यात आले. सही तुमची नसेल, तर तुम्ही सहमती दिलेलीच नाही, मग ती मागे घ्यायला तुमचा संबंध काय? आणि सही तुमची असेल, तर ती जुळली पाहिजे. "सिस्टीम घेतच नाही हो आजी, मी काय करू?" अर्जदाराने आयुष्यभर शाळेच्या दाखल्यांवर केलेली मराठी सही खोटी ठरली आणि दुसरीने डब्यासाठी केलेली सही खरी ठरली. हे कुठल्या कायद्यात बसते?

९. इन्व्हर्टर घ्या, असेही सुचवण्यात आले. इन्व्हर्टर आहे. त्यावर मशीन सव्वा तास चालते. उरलेला पाऊण तास लहान सिलिंडरवर काढतो. दि. ९ एप्रिल रोजी सकाळीही वीज गेल्याने इन्व्हर्टर भरला नव्हता. तो अडीचला बंद पडला आणि सिलिंडर सव्वातीनला संपला. औषधाच्या दुकानातला चंद्रप्रकाश नवा सिलिंडर खांद्यावर घेऊन पाच मजले चढत होता. त्याला दहा मिनिटे लागली, त्याआधी त्याला दुकानातून निघायला पंधरा. ती पंचवीस मिनिटे अर्जदार दिरांचा हात धरून बसली होती. त्यांचे ओठ जांभळे झाले होते. त्यांनी तीनदा विचारले, "रत्ना, लायट इली काय गो?" अर्जदाराने तीनदा सांगितले, येईल. चौथ्यांदा त्यांनी विचारले नाही, नुसते दिव्याकडे बघत राहिले. तेव्हा अर्जदाराने देवाला नव्हे, आपल्या कंपनीला शिव्या घातल्या. त्या इथे लिहीत नाही, पण मागेही घेत नाही.

१०. दिरांचा जीव त्या दिवशी वाचला. मात्र दि. २१ एप्रिल रोजी जिन्याखाली नवा हिरवा कागद लागला आहे. 'भगिनींच्या उदंड प्रतिसादामुळे' दि. १ मेपासून वीज दुपारी बारा ते पाच बंद राहणार आहे. म्हणजे पाच तास. इन्व्हर्टर सव्वा तास आणि सिलिंडर पाऊण तास, ही बेरीज आपल्या अभियंत्यांनीच करून बघावी. आजपासून सहा दिवस उरले आहेत.

११. सबब अर्जदाराने पुढील मार्ग काढला आहे. त्या शेजारणीला समोर बसवून अर्जदार गेले चार दिवस अनुक्रमांक २९ ची सही शिकते आहे. शेजारीण रडत होती, तिला दोनदा चहा करून दिला आणि पुन्हा बसवले. शाळेत दुसऱ्याची सही करणाऱ्या मुलांच्या पालकांना अर्जदाराने स्वतःच्या हाताने पत्रे पाठवली आहेत. सदुसष्टाव्या वर्षी तिच्यावर ही पाळी आपल्या कार्यालयाने आणली. शेवटची गिरकी कालपर्यंत साधत नव्हती, आज साधली. खाली दोन्ही सह्या केल्या आहेत. आपली सिस्टीम जी घेईल ती घ्यावी. दोन्हींपैकी कुठलीही धरली तरी मागणी एकच आहे : दि. १ मेच्या आत आमच्या इमारतीची वीज दुपारची चालू करावी, म्हणजे दिरांना चौथ्यांदा विचारावे लागणार नाही.

आजवर नम्र राहिलेली,

(सही) र. सी. तोरस्कर
ही अर्जदाराची.

(सही) सौ. आर. तोरस्कर, इंग्रजीत, गिरकीसह
ही आपल्या दप्तरातली.

सोबत :
१) डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत.
२) आपल्या दि. ४ एप्रिलच्या उत्तराची प्रत.
३) सही गिरवलेले कागद, सात.
४) स्टीलचा डबा, एक, झाकणासह. औषधे काढून घेतली आहेत. डबा मिळाल्याची पोच द्यावी आणि पोच देणाऱ्याने तिच्यावर स्वतःचीच सही करावी.