लाल दोऱ्याची बाजू

तात्या, तुमचे काळे हेडफोन अजून माझ्याकडे आहेत. गेल्या रविवारी दुपारी त्यांच्यामुळे मला एक गोष्ट कळली. ती तुम्हाला सांगायची आहे, आणि एक विचारायचीही आहे. पण आधी सगळं झालं तसं, क्रमाने लिहिते. मधली पायरी गाळून कुणी काही सांगितलेलं तुम्हाला कधी चाललं नाही.

मी सध्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं ऐकून ते लिहून काढते. पासली आणि तिकडच्या डोंगरातल्या वाड्यांत भाताचे जुने वाण होते, त्यांच्या आठवणी आमच्या कॉलेजातल्या मुली मोबाईलवर रेकॉर्ड करून आणतात. ही माणसं हळू बोलतात, मागे वारा असतो, मध्येच कोंबडं आरवतं. मोबाईलच्या लहान इअरफोनवर मला निम्मे शब्द लागेनात. म्हणून कपाटातून तुमचे हेडफोन काढले, त्यांच्या जाड पिनेला बारीक पिनेचा जोड लावला, तर त्यांना मोबाईलचा आवाज पुरेना. पूर्ण वाढवला तरी शेजारच्या घरात कुणी बोलत असल्यासारखं ऐकू येई. मग कॉलेजातल्या एका बाईंच्या सांगण्यावरून हेडफोनचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर मागवला. तुम्ही असतात तर तो हातात घेऊन आधी वजन केलं असतंत आणि मग मागचे स्क्रू बघितले असतेत. काड्यापेटीच्या दीडपट पत्र्याचा डबा, आत चार्जिंगची बॅटरी. एका भोकात मोबाईलकडून येणारी वायर घालायची, दुसऱ्यात हेडफोनची. पुढे आवाजाचं बटण आहे, टक् करून फिरवलं की डबा चालू होतो. बाजूला एक बारीक खटका, आवाज कमी वाढवायचा की जास्त ते ठरवणारा.

पहिल्या दिवशी काहीच वाजलं नाही. मी बॅटरी तपासली, मोबाईल बंद करून चालू केला, माहितीपत्रक दोनदा वाचलं. आमचे हे खुर्चीत बसून गंमत बघत होते. म्हणाले, "रेडिओवाल्या मिस्त्रींची लेक, आणि एवढ्याशा डबीपुढं हात टेकले?" मी दोन्ही वायरी उलट्या भोकांत घातल्या होत्या. त्या बदलल्या तर आवाज आला, पण मागे सूं असा सतत सूर. खटका 'जास्त'वर होता. तो 'कमी'वर आणला, मोबाईलचा आवाज जवळजवळ पूर्ण केला, डबीचा गरजेपुरताच ठेवला, तेव्हा तो सूर गेला. दुसऱ्या दिवशी घूं घूं सुरू झालं. चार्जर काढला की थांबायचं, लावला की पुन्हा. तेव्हा चार्जिंग झाल्यावरच ऐकायचं असं ठरवलं. मध्येच टकटक यायची, ती मोबाईल डबीला चिकटून ठेवल्यामुळे. तो लांब सरकवला, नेटवर्क बंद केलं. एकेक अडचण सुटत गेली तसं मला दुकानातल्या स्टुलावर बसल्यासारखं वाटत होतं. आणि चौथ्या दिवशी पासलीच्या एक आजी माझ्या कानाशी बसून बोलाव्यात तशा बोलल्या, "येक साळ व्हती आमची. तिचा भात चुलीवं चढला का शेजारनीला कळायचं. मंग ती वाटी घिऊन यायची, मीठ मागायच्या निमतानं." मी एकटीच हसले. पुन्हा पुन्हा ऐकलं.

पण आजींचा आवाज डावीकडूनच येत होता. उजवी बाजू अगदी बारीक.

तात्या, तुमची पद्धत मी विसरलेली नाही. "दोन सारक्या वस्तू असल्या की त्यांची अदलाबदल करायची. बिगाड जागचा हलला, तर त्यो त्या वस्तूत हाय. न्हाई हलला, तर पुडं बगायचं." रविवारी दुपारी मी टेबलावर सगळं मांडलं. पिन काढून पुन्हा पूर्ण दाबली, गोल फिरवली, स्पिरिटच्या बोळ्याने पुसली. मोबाईलची वायर बदलली. असल्या लहान डबीत अगदी कमी आवाजाला दोन बाजू सारख्या वाजत नाहीत असं पत्रकात होतं, म्हणून आवाज वाढवला. डबी बाजूला ठेवून हेडफोन थेट मोबाईलला लावले. उजवी बाजू बारीकच. मग हेडफोनच बिघडलेत, इतकी वर्षं झाली त्यांना, असं म्हणत मी ते काढले आणि उलटे घातले.

त्यांच्या उजव्या वाटीला तुम्ही लाल दोरा बांधलाय, दुरुस्तीच्या वस्तूंना चिठ्ठ्या बांधायचात त्यातलाच. आता विटून मातकट झालाय. तो दोरा डाव्या कानावर आला आणि त्या वाटीतून आजी खणखणीत बोलू लागल्या. डावी वाटी उजव्या कानावर होती, ती बारीक झाली. मी पुन्हा काढले, सरळ घातले, पुन्हा उलटे. बिघाड जागचा हलत नव्हता. आता पुढे बघायला एकच वस्तू उरली होती, आणि तिची अदलाबदल करता येत नाही.

स्वतःच्या कानाचं मला एवढं वाईट वाटलं नाही, खरंच. हातात हेडफोन धरून बसले असताना तुमची एक दुपार आठवली, आणि मग तिथून उठवेना.

बारावीच्या सुट्टीत मी जेवणाचा डबा घेऊन एसटी स्टँडमागच्या आपल्या दुकानात येते. तुम्ही रस्त्याकडे पाठ करून बसला आहात, जसे कधी बसत नाही. डोक्यावर हेच हेडफोन, पिन टेपमध्ये. तुम्ही ते काढता, उलटे करता, घालता, डोळे मिटता. पुन्हा काढता, पुन्हा फिरवता. मी दारातूनच हसते, "अहो तात्या, उलटे घातलेत!" तुम्ही दचकून वळता. मग म्हणता, "व्हय गं पोरी. उलटंच पडलंय." आणि डबा उघडून भाजी कुठली आहे ते बघू लागता. लाल दोरा त्या दिवशी नवा होता. पुढे मी पुण्याला हॉस्टेलवर निघाले तेव्हा ते हेडफोन तुम्ही माझ्या पिशवीत घातलेत. मी विचारलं, दुकानात लागतील की. तर म्हणालात, "मला काय करायचंत आता? तू ऐक गाणी. दोरा उजवीकडं ठिव, उलटं घालू नगंस." मी ते प्रेमाने दिलेली भेट म्हणून नेले. होतीच ती. पण त्या वाक्यात आणखी काय होतं ते समजायला मला माझा कान जावा लागला.

आणि मग ती दिवाळीची सुट्टी. ही मी पन्नासदा लिहायची टाळली आहे, आज टाळत नाही.

वरवे गावचे एक काका दोन स्पीकरचा टेप घेऊन आले होते. आठवड्यापूर्वीच तुम्ही तो दुरुस्त करून दिला होता. काउंटरवर ठेवत म्हणाले, "मिस्त्री, येकच बाजू वाजतीया वो. पोरं हसाया लागली घरी, म्हणत्यात आर्धाच दुरुस्त करून आनला."

तुम्ही कॅसेट लावलीत, ऐकलंत. "वाजत्यात की दोनी. ऐका नीट."

मी भिंतीकडच्या स्टुलावर पुस्तक वाचत होते. कॉलेजची हवा डोक्यात होती, पुण्याच्या चार महिन्यांची. मी म्हणाले, "तात्या, उजवा स्पीकर बंद आहे."

"आं?"

"उजवा बंद आहे. लहान पोरालाही कळेल. न तपासताच दिलात ना तुम्ही?"

तुम्ही टेपकडे बघितलंत, मग माझ्याकडे. सोल्डरची गरम सळई हातात होती, ती स्टँडवर सावकाश ठेवलीत. "व्हय," तुम्ही म्हणालात. "तपासायचं ऱ्हायलं."

काका समजूतदार होते. "आसूं द्या वो, मानूसच हाय. पन लेक फौजदार झाली बरं का तुमची!" आम्ही दोघं हसलो, मी आणि ते. मला बरं वाटलं होतं, तात्या. त्या दिवसाची डायरी रविवारी काढून बघितली. माझ्याच अक्षरात आहे, "तात्या आता कामात चालढकल करतात. गिऱ्हाइकासमोर कबूल केलं हे मात्र चांगलं." शाबासकीसुद्धा दिली आहे मी तुम्हाला.

तुम्ही तपासलं होतंत. आता मला दिसतंय ते. एक कान गेला की आवाज कुठल्या बाजूने येतो ते कळत नाही, दोन्ही स्पीकर एकाच जागेवरून वाजतात. म्हणून तुम्ही टेप उघडा असताना स्पीकरच्या कागदावर दोन बोटं ठेवून डोळे मिटायचात, कंप आहे का बघायला. मला ती तुमची लकब वाटायची. त्या टेपचा कंप बोटांना लागला असणार, मग झाकण बसवताना आतली वायर सुटली असणार, आणि झाकण बसल्यावर तपासायला कानच हवा होता. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक वस्तूला तुम्ही लाल दोऱ्याने चिठ्ठी बांधायचात, नाव, गाव, बिघाड. काही सापडलं नाही तर "बिघाड नाही" असं लिहून परत द्यायचात आणि म्हणायचात, वस्तूवर खोटा आळ घ्यायचा न्हाई. वस्तूवर घेतला नाहीत, स्वतःवर घेतलात. रेडिओचा मिस्त्री बहिरा झाला म्हणवून घेण्यापेक्षा कामचुकार म्हणवून घेतलंत, आणि तेही माझ्याकडून.

त्यानंतर हळूहळू तुम्ही इस्त्र्या, मिक्सर, पंखे घ्यायला लागलात. दुकानाच्या पाटीवर "रेडिओ-टेप दुरुस्ती" तसंच राहिलं. मला वाटलं, बाजार बदलला तसं तुम्ही बदललात. घरी तुम्ही प्रत्येक गोष्टीला "व्हय" म्हणायला लागलात. भाकरी हवी का, व्हय. पाऊस येईल का, व्हय. तुमच्या "व्हय"ची आम्ही नक्कल करायचो. जेवायला बसताना उजवा खांदा भिंतीला लावूनच बसायचात, आणि आई वाढायला नेहमी डावीकडून यायची. तिला माहीत होतं का, हे विचारायला आता तीही नाही.

माझा प्रश्न असा होता. त्या दिवशी मी तुमच्या कुठल्या बाजूला होते? डायरीच्या मागच्या पानावर मी दुकानाचा नकाशा काढला. रस्त्याकडे तोंड करून तुम्ही बसलात की फळ्या डावीकडे, भिंत उजवीकडे. माझं स्टूल भिंतीला. म्हणजे मी उजवीकडे होते. क्षणभर इतकं हलकं वाटलं की मी नकाशावर हात ठेवून तशीच बसले. तुम्हाला ते ऐकूच गेलं नसेल. काकांच्या तोंडावरून अंदाज घेऊन तुम्ही "व्हय" म्हणाला असाल, भाकरीला म्हणायचात तसं.

पण तुमची शिस्त मला सुटू देत नाही. तुम्ही नुसतं "व्हय" म्हणाला नाहीत, "तपासायचं ऱ्हायलं" म्हणालात. आणि त्याआधी "आं?" म्हणालात. माझं पहिलं वाक्य तुम्हाला ऐकू आलं नव्हतं. म्हणून तुम्ही मान वळवलीत, काहीतरी बारीक काम बघावं तशी थोडी तिरकी केलीत. तुम्ही चांगला कान माझ्याकडे केलात, तात्या. आणि मग मी ते म्हणाले.

म्हणजे विचारायचं काही उरलंच नाही.

हे पत्र मी त्या जुन्या नोंदीच्या पानात घालून ठेवणार आहे. ती नोंद खोडलेली नाही. खोडली तर मी तसं लिहिलंच नव्हतं असं होईल. डॉक्टरांकडे अजून गेले नाही. अ‍ॅम्प्लिफायर खोक्यात भरून ठेवलाय, उद्या कुरियरवाला परत न्यायला येईल. कारणाच्या रकान्यात मी भरलंय, "उजवी बाजू वाजत नाही." यांनाही तेच सांगितलंय. हे लिहायला बसण्याआधी स्वयंपाकघरात पोळ्या करत होते, हे माझ्या उजवीकडे ओट्याला टेकून उभे होते. खोक्याबद्दलच काहीतरी विचारलं त्यांनी, चेहऱ्यावरून काळजीचं वाटलं. काय विचारलं ते मला कळलं नाही. मान वळवायला हवी होती. मी पोळी उलटली आणि "हो" म्हणाले.